नंबर आपला, मोहर त्यांची



इथे आपले लोक जुने वाडे, शाळा, लग्नाच्या पंगती, सुलतान बाजारातली दुकानं यांच्याबद्दल लिहितात आणि मी ते आवडीने वाचतो. माझ्याकडे तसं सांगण्यासारखं फारसं नाही. मी हैदराबादचा, काचीगुड्यात वाढलेला, आणि पोटापाण्याला मोबाइल दुरुस्त करतो. सोळा-सतरा वर्षं झाली. त्यामुळे मी लिहिणार तेही फोनबद्दलच. पोस्ट लांब आहे, पण जमलं तर पूर्ण वाचा. यातली गोष्ट आज आपल्या बऱ्याच घरांत आहे, फक्त तिचं नाव आपल्याला माहीत नसतं.

नाव आहे ईसीआयडी. आयफोनच्या मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कायमचा घातलेला एक नंबर. प्रत्येक चिपचा वेगळा. आयएमईआय आपल्याला ठाऊक असतो, कारण फोन चोरीला गेला की पोलीस तो विचारतात. सीरियल नंबर खोक्यावर छापलेला असतो. ईसीआयडी खोक्यावर नसतो. फोन कॉम्प्युटरला जोडायचा, आयट्यून्समध्ये सीरियल नंबर दिसतो त्यावर क्लिक करत जायचं, की एका क्लिकला तो समोर येतो. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली एक लांबलचक ओळ. गिऱ्हाइकाला रोजच्या वापरात त्याचं काही काम पडत नाही. पण तुमच्या फोनमध्ये कोणती आवृत्ती चढेल आणि कोणती चढणार नाही, हे ठरवताना त्या ओळीची गाठ पडतेच.

मला ही ओळ पहिल्यांदा दाखवली ती माझ्या उस्तादांनी. अबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये ज्यांनी कधी फोन दुरुस्तीला नेला असेल त्यांना तिथली रचना माहीत आहे. हातभर रुंदीचे काउंटर, एकाला एक लागून, प्रत्येकावर दिवा, भिंग आणि सोल्डरिंगची गन. २०१०च्या सुमारास मी तिथे एका काउंटरवर उमेदवारी करत होतो. आमच्याकडे तेव्हा आयफोन यायचे ते बहुतेक अमेरिकेतून. आपल्या हैदराबादचं तुम्हाला सांगायला नको, गल्लीत घराआड एक मुलगा तिकडे. सुट्टीला येताना तो बापासाठी, मेव्हण्यासाठी फोन आणायचा, आणि तो फोन तिकडच्या कंपनीच्या सिमला कुलूपबंद असायचा. इथलं सिम घातलं की नेटवर्कच नाही.

ते कुलूप काढायला आधी फोन जेलब्रेक करावा लागे, आणि जेलब्रेक ठरावीक आवृत्त्यांवरच होई. मग कोणीतरी घरी बसल्या बसल्या फोन अपडेट करायचा आणि दुसऱ्या दिवशी धावत काउंटरवर यायचा. "जुनं होतं तसं परत टाकून द्या." त्यात मोडेमचं सॉफ्टवेअरही वर चढलं असेल तर गोष्टच संपली. ते चढलं नसेल तर उस्तादांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ब्लॉब रखे क्या?"

बहुतेकांना तो प्रश्नच कळायचा नाही. मलाही कळायचा नाही. मी विचारलं, "उस्ताद, जुनी फाईल तर आपल्याकडे आहे. नेटवर फुकट मिळते. ती चढवायला काय हरकत?" उस्ताद म्हणाले, "फाइल से क्या होता मियाँ? नंबर उसका है, मोहर उनकी है. तुम बीच में कौन?"

हे मोहरेचं प्रकरण असं आहे. फोनवर आयओएस चढवताना कॉम्प्युटर आधी अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारतो. विचारताना तो सांगतो, चिप या जातीची आहे, तिचा नंबर हा आहे, आणि चढवायच्या प्रत्येक भागाचा हॅश हा आहे. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठा समजा. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी अंगठा बदलतो. सर्व्हर बघतो की ही आवृत्ती सध्या चालू आहे का. चालू असेल तर तो या सगळ्यावर एक डिजिटल सही करून परत पाठवतो, आणि त्या सहीत तुमच्या चिपचा नंबर गुंफलेला असतो. चिपच्या आत अगदी सुरुवातीला चालणारा एक प्रोग्राम असतो, बूटरॉम. तो कारखान्यात लिहिला गेला की पुन्हा बदलत नाही. त्याच्यापासून तपासणीची साखळी सुरू होते. सही खरी आणि नंबर माझाच, तर पुढे जा, नाहीतर तिथेच थांब.

ही पद्धत २००९ साली आयफोन ३जीएसबरोबर आली. त्या सहीलाच आमच्या धंद्यात एसएचएसएच ब्लॉब म्हणतात. नवी आवृत्ती आली की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जुन्या आवृत्तीवर सही देणं बंद होतं. एकदा बंद झालं की जुनी फाईल तुमच्या हातात असून उपयोग नाही. आणि शेजारच्याच्या फोनसाठी आलेली सही तुमच्या फोनला चालत नाही, मग दोन्ही फोन एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले का असेनात.

मला हे डोक्यात बसलं ते आमच्या घरच्या एका कागदामुळे. आमचं मूळ गाव मराठवाड्यातलं. पणजोबांकडे एका देवळाच्या दिवाबत्तीचं लहानसं इनाम होतं. निजामाच्या राज्यात इनामाची चौकशी होऊन जो कागद मिळे त्याला मुंतखब म्हणत. तो उर्दूत, खाली मोहर. आमच्या घरी आजोबांनंतर तो कोणाला वाचता येत नव्हता, तरी ट्रंकेत कापडात बांधून ठेवलेला होता. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, जमीन आपली होती ना, मग कागद कशाला लागतो? आजोबा म्हणाले, "जमीन तिथेच राहते रे, माणूस बदलतो. कागद माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की वारसाला पुन्हा अर्ज करून विरासत मंजूर करून घ्यावी लागे. दुसऱ्याच्या नावाचा कागद आपल्या काही कामाचा नाही."

पुढे इनामं गेली, तो विषय संपला. पण उस्तादांनी ब्लॉब समजावला तेव्हा मला चटकन ती ट्रंक आठवली. कागद एकाच नावाचा, मोहर सरकारची, आणि मोहर मारायची की नाही ते सरकारच्या मर्जीवर. फोनमध्ये माणसाच्या नावाच्या जागी चिपचा नंबर आहे, एवढाच फरक.

त्या काळात यावर एक तोड निघाली होती. सही एकदा मिळाली की ती जपून ठेवायची, आणि पुढे सर्व्हरने नकार दिला की तीच जुनी सही फोनपुढे धरायची. जे फ्रीमन नावाचा एक अमेरिकन प्रोग्रामर, 'सौरिक' या नावाने ओळखला जाणारा, त्याने २००९ मध्येच अशा सह्या साठवून ठेवणारा सर्व्हर उभा केला. त्याचं सिडिया हे अ‍ॅप जेलब्रेक केलेल्या फोनमध्ये असायचं. त्यात वरच्या बाजूला यादी दिसे, या फोनसाठी कोणकोणत्या आवृत्त्यांच्या सह्या जमा आहेत त्याची. टायनीअंब्रेला नावाचा दुसरा प्रोग्राम होता, तो सह्या आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायचा. उस्तादांनी नियमच केला होता. काउंटरवर आयफोन आला, मग तो काच बदलायला असो की चार्जिंगचं पोर्ट साफ करायला, आधी केबल लावायची आणि ब्लॉब जमा करायचा. गिऱ्हाइकाला सांगून करायचो, पण पैसे घ्यायचो नाही. गिऱ्हाईक हसायचं. सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत आलं की त्या जमवलेल्या फाईलमुळे फोन जुन्या आवृत्तीवर जायचा, आणि मग ते हसायचं नाही, चहा पाजायचं.

आमच्याकडे एक फोल्डर होतं. त्यात शेकडो फाईली, प्रत्येकीच्या नावात आधी ईसीआयडी, मग मॉडेल, मग आवृत्ती. माणसांची नावं नाहीत. उस्तादांनी एक वही ठेवली होती, त्यात नंबर आणि पुढे उर्दूत नाव. कॉम्प्युटर बिघडला तर फाईली जातील म्हणून त्याची नक्कल दोन ठिकाणी असायची.

अर्थात अ‍ॅपलही स्वस्थ बसली नव्हती. २०११ मध्ये आयओएस ५ आलं आणि सहीत अजून एक गोष्ट मिसळायला लागली. फोन दर वेळी एक नवा आकडा तयार करतो, त्याला नॉन्स म्हणतात, आणि सही त्या आकड्याशीही जुळावी लागते. म्हणजे कालची सही आज चालणार नाही, कारण आजचा आकडा वेगळा. मुंतखबावर नाव आणि मोहर तर हवीच, शिवाय आजच्या तारखेचा शेराही हवा. यातूनही पुढे लोकांनी वाटा काढल्या. 'तिमस्टार' या नावाने काम करणाऱ्या एका प्रोग्रामरचं फ्यूचररिस्टोर हे साधन आलं. फोनला आपल्याला हवा तोच आकडा तयार करायला लावायचा आणि जमवलेली सही त्याला जुळवायची, असं ते काम. पण त्यालाही जमवलेली सही लागतेच, आणि ती सुद्धा आकडा माहीत असलेली. २०१८च्या आयफोन एक्सएसपासून तर तो आकडा चिपच्या आतल्या एका गुप्त किल्लीशी बांधला गेला. दर पिढीला दार थोडं अजून घट्ट होत गेलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो.

आमच्या घरामागच्या गल्लीत एक काका राहायचे. मराठी शाळेत शिक्षक होते, निवृत्तीनंतर घरी चार मुलांना पेटी आणि भजन शिकवायचे. मुलाने अमेरिकेतून त्यांना आयफोन ५एस आणून दिला होता. काकांनी त्यात एक तंबोऱ्याचं अ‍ॅप घेतलं होतं. रोज पहाटे साडेपाचला ते लावायचे आणि तासभर बसायचे. काकांची पेटी फार जुनी, तिचे सूर किंचित उतरलेले. काकांनी पेटी सुरात लावून घेण्याऐवजी तंबोराच पेटीला लावून घेतला होता. अ‍ॅपमध्ये प्रत्येक तारेची बारीक फिरकी होती, तिने काळी एकच्या जरासा खाली. त्यातच त्यांनी आपल्या रियाझाची बरीच ध्वनिमुद्रणंही केली होती.

२०१७च्या उन्हाळ्यात काका गेले. काकू त्यानंतरही रोज पहाटे तो तंबोरा लावायच्या. त्या गात नाहीत. मला म्हणाल्या होत्या, "अरे, चाळीस वर्षं माझा पहिला चहा त्याच्यावर झालाय. आधी खरा तंबोरा होता, मग ती खोक्यातली मशीन आली, मग हा फोन. ते चालू नसलं की सकाळ झाल्यासारखी वाटत नाही."

त्या वर्षी दिवाळीला पुण्याहून भाचा आला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने काकूंच्या फोनवर अपडेटचा लाल ठिपका पाहिला आणि चांगल्या हेतूने अपडेट करून दिला. आयओएस ११. त्या आवृत्तीपासून ३२ बिटची जुनी अ‍ॅप चालणं बंद झालं. हे काही अचानक झालं नव्हतं. नवी अ‍ॅप ६४ बिटमध्येच द्यावी लागतील हे फेब्रुवारी २०१५ पासून आणि जुन्या अ‍ॅपच्या अपडेटना जून २०१५ पासून लागू होतं. पण काकांच्या तंबोऱ्याचं अ‍ॅप ज्याने बनवलं होतं त्याने ते कधीच सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंनी ते उघडलं तर समोर निरोप, की बनवणाऱ्याने अपडेट केल्याशिवाय हे चालणार नाही.

काकू फोन घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मी स्वतःचा लहानसा काउंटर टाकून चार वर्षं झाली होती. मी आधी काकांचा जुना कॉम्प्युटर मागवला. काका शिस्तीचे, मे महिन्यापर्यंत महिन्या-महिन्याला आयट्यून्सने बॅकअप घ्यायचे. त्या बॅकअपमधून रियाझाची सगळी ध्वनिमुद्रणं निघाली, त्रेचाळीस. ती मी साध्या फाईली करून पेन ड्राइव्हवर दिली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "आणि तंबोरा?"

तंबोऱ्याच्या सेटिंगची फाईलही बॅकअपमध्ये होती. पण तिच्यात नुसते आकडे. कुठला आकडा कुठल्या तारेचा आणि किती उतार म्हणजे किती, हे त्या अ‍ॅपलाच ठाऊक. मी दुसरं तंबोऱ्याचं अ‍ॅप घालून कानाने जुळवून पाहिलं. माझा एक भजनी मंडळातला मित्रही बसला. आम्हाला वाटलं जमलं. काकूंनी दोन मिनिटं ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "छान आहे. पण हा आपला नाही."

एकच खरा उपाय होता, फोन पुन्हा १०.३.३ वर नेणे. आणि १०.३.३ वर सही देणं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बंद झालं होतं. लक्ष्मीपूजन त्या वर्षी १९ ऑक्टोबरला होतं. दोन आठवड्यांचा फरक. माझ्या फोल्डरमध्ये १०.३.३चे ब्लॉब होते, ५एसचेच होते, दहा-बारा तरी. त्यातला एकही काकूंच्या फोनचा नव्हता. तो फोन त्याआधी कधी माझ्या काउंटरवर आलाच नव्हता. काचही कधी फुटली नव्हती. काका वस्तू जपून वापरायचे.

मी काकूंना सगळं समजावून सांगितलं. नंबर, सही, तारीख. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन आमचा आहे ना? पैसे तर भरलेत." मी म्हटलं, "काकू, फोन तुमचाच आहे." त्या म्हणाल्या, "मग मी माझ्याच घरातलं कालचं कपाट उघडायचं तर कोणाला विचारायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "फोन असाच ठेवा. विकू नका, कोणाला देऊ नका, आणि कॉम्प्युटरवरचं काही पुसू नका."

दोन वर्षं गेली. २७ सप्टेंबर २०१९ला 'अ‍ॅक्सिओमएक्स' नावाच्या एका संशोधकाने चेकमेट नावाची गोष्ट जगापुढे ठेवली. मघाशी मी बूटरॉम म्हटलं, चिपमधला कधीच न बदलणारा पहिला प्रोग्राम. त्याच्यातच चूक सापडली होती. ए५ पासून ए११ पर्यंतच्या चिपमध्ये, म्हणजे आयफोन ४एस पासून आयफोन टेनपर्यंत. जो प्रोग्राम बदलता येत नाही त्यातली चूकही अपडेटने दुरुस्त करता येत नाही. आणि ५एसच्या बाबतीत अजून एक फट होती. फोनमधूनच हवेतून अपडेट होतो त्या प्रकारच्या १०.३.३ वर ५एससाठी सर्व्हर अजूनही सही देत होता. नेहमीच्या रस्त्याने ती सही वापरता येत नव्हती. चेकमेटने फोनचा पहारेकरी बाजूला केला की वापरता येत होती. आणि ही सही जुनी, जमवलेली नव्हे. काकूंच्या चिपच्या नंबरावर, त्याच दिवशी मागून घेतलेली, ताजी.

२०२०च्या टाळेबंदीनंतर दुकानं उघडली तेव्हा लोकांनी यासाठी तयार साधनं बनवली होती. त्याला मॅक लागायचा, तो मी मेव्हण्याकडून दोन दिवसांसाठी आणला. ५एस डीएफयूमध्ये न्यायचा म्हणजे पॉवर आणि होम बटण एकत्र दाबून धरायचं, मोजून पॉवर सोडायचं, होम धरून ठेवायचं. पडदा काळाच राहिला तर जमलं. त्यापुढचा चेकमेटचा डाव या चिपवर दर वेळी लागत नाही. माझा एकोणिसाव्या खेपेला लागला. मधे काकूंनी दोनदा चहा पाठवला.

शेवटी पडद्यावर 'हॅलो' आलं. आवृत्ती १०.३.३. मग काकांच्या त्याच जुन्या कॉम्प्युटरवरून, ज्याच्यातलं आयट्यून्स कोणी अपडेट केलं नव्हतं आणि ज्याच्यात अ‍ॅपची मूळ फाईल अजून पडून होती, मे महिन्याचा बॅकअप चढवला. पासवर्ड काकांच्या डायरीत शेवटच्या पानावर होता. अ‍ॅप उघडलं. पाच तारा, पाच फिरक्या, काकांनी सोडल्या होत्या तिथेच.

काकू काही बोलल्या नाहीत. पेटीवरचं कापड काढलं, एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली. दोन्ही सूर एकात एक मिसळले. मी केबल गुंडाळली आणि निघालो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. सही देणं बंद करण्यामागे कारण आहे. जुन्या आवृत्तीत ज्या चुका असतात त्या नव्या आवृत्तीत बुजवलेल्या असतात, आणि बुजवल्या की त्या कुठे होत्या हे जगाला कळतं. फोन चोराच्या हातात गेला आणि त्याला तो जुन्या आवृत्तीवर नेता आला, तर माहीत असलेल्या भोकातून तो आत शिरू शकतो. ईसीआयडीला बांधलेल्या सहीमुळे ते अवघड होतं. मी रोज बँकेची अ‍ॅप असलेले फोन हाताळतो, मला याची किंमत माहीत आहे. म्हणूनच काकूंच्या त्या फोनमधून मी सिम काढलं, वायफाय बंद केलं, आणि बँक, फोटो, व्हॉट्सअ‍ॅप सगळं दुसऱ्या फोनवर घेतलं. तो फोन आता फक्त तंबोरा आहे.

पण कुलूप चोरासाठी असलं तरी त्यात घरमालकही अडकतो, हेही खरं. फ्रान्समध्ये हा मुद्दा सरकारपर्यंत गेला. २०१७ मध्ये आलेल्या अपडेटनंतर जुन्या बॅटरीचे काही आयफोन मंद होऊ शकत होते, आणि हे ग्राहकांना सांगितलं गेलं नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने अ‍ॅपलने २ कोटी ५० लाख युरो दंड भरण्याचं मान्य केल्याचं जाहीर केलं. त्या जाहीर निवेदनात हेही होतं, की मागच्या आवृत्तीवर परत जाता येत नसल्यामुळे अनेकांना बॅटरी बदलावी लागली किंवा नवा फोनच घ्यावा लागला असेल. दंड माहिती न दिल्याबद्दल होता. पण परत फिरण्याची वाट नसणं ही ग्राहकाची अडचण आहे, हे एका सरकारी खात्याने कागदावर लिहिलं.

आणि हे एकाच कंपनीचं आहे असंही समजू नका. अँड्रॉइडमध्ये रीत वेगळी आहे. तिथे बऱ्याच चिपमध्ये मागे न फिरणारा एक मोजणीचा आकडा असतो. नवी आवृत्ती चढली की तो पुढे जातो, आणि त्यापेक्षा जुनी आवृत्ती फोन स्वीकारत नाही. २०२२ मध्ये गूगलच्या पिक्सेल ६ फोनांवर अँड्रॉइड १३ आलं तेव्हा असंच झालं, १३ वर गेलेला फोन पुन्हा १२ वर आणता येईना. एकीकडे प्रत्येक चिपने नंबर सांगून परवानगी मागायची, दुसरीकडे चिपनेच मागचा जिना काढून टाकायचा. गिऱ्हाइकाला अनुभव एकच.

काकूंना दार उघडून मिळालं ते दोन योगायोगांनी. बूटरॉममध्ये चूक निघाली आणि त्या एका मॉडेलची सही चालू राहिली होती. आयफोन टेननंतरच्या चिपमध्ये चेकमेट चालत नाही. आज तुमच्या खिशात जो फोन आहे त्याच्यासाठी असला योगायोग होईल यावर अवलंबून राहू नका.

म्हणून माझ्या गिऱ्हाइकांना जे सांगतो तेच इथे सांगतो. अपडेट करा, टाळू नका, पण लाल ठिपका दिसला म्हणून पाहुण्याच्या हातून घाईत करू नका. आधी कॉम्प्युटरवर पूर्ण बॅकअप घ्या. ज्या अ‍ॅपमध्ये तुमच्या माणसाचा आवाज आहे, हातची लिहिलेली वही आहे, आईच्या पाककृती आहेत, ते अ‍ॅप अजून कोणी सांभाळतंय का ते बघा. शेवटचं अपडेट चार-पाच वर्षांपूर्वीचं असेल तर समजा की ते अनाथ आहे. त्यातलं जे बाहेर काढता येतं ते साध्या ऑडिओ, फोटो, मजकुराच्या फाईलीत काढून दोन ठिकाणी ठेवा. तशी फाईल उघडताना ती कुठल्या सर्व्हरची मोहर मागत नाही. आणि जे बाहेर काढता येत नाही त्यासाठी जुना फोन मोडीत देऊ नका. एक्स्चेंजमध्ये हजार-दोन हजार मिळतात, त्यासाठी अजिबात नको.

माझे उस्ताद आता काउंटरवर बसत नाहीत, डोळे थकले. ती वही त्यांनी मला दिली. तिच्यातले बहुतेक फोन भंगारात गेले असतील, ते नंबर आता कुठल्याच सर्व्हरवर सही मागायला जाणार नाहीत. तरी वही मी ठेवली आहे. काकूंच्या फोनचा ईसीआयडी मी तिच्यात शेवटी लिहिला आहे. पुढे नाव मात्र काकांचं, मराठीत.

आपल्यापैकी कोणाकडे असा जुना फोन पडून असेल, त्यात काही अडकलं असेल, तर खाली लिहा. मॉडेल आणि आवृत्ती सांगा, जमेल तर मार्ग सुचवतो. ईसीआयडी मात्र सगळ्यांसमोर टाकू नका. तो तुमच्या चिपचा एकुलता एक नंबर आहे, तुमच्याजवळच राहू द्या.